चार्जर लावला की रेडिओ का खरखरतो?

मानवतच्या घरात १३०५ किलोहर्ट्झवर परभणी आकाशवाणी लावा आणि शेजारी स्वस्तातला चार्जर जोडा. खरखर सुरू झाली, तर दोष केंद्राचा नाही.

चार्जर, एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्स यांत 'एसएमपीएस' असतो. तो वीज सेकंदाला साधारण लाखभर वेळा चालू-बंद करतो, म्हणूनच जुन्या जड ट्रान्सफॉर्मरपेक्षा इतका लहान असतो. पण प्रत्येक झटक्यातून मूळ वारंवारितेच्या पटीतल्या लहरीही निघतात. १०० किलोहर्ट्झची तेरापट १३००, म्हणजे थेट आकाशवाणीच्या दारात!

हा गोंगाट वायरीत उतरण्याआधी चोक आणि कपॅसिटर अडवतात. सर्किटमध्ये झटक्याचा प्रवाह जितक्या आखूड वाटेने फिरेल, तितका तो हवेत कमी पसरतो. स्वस्त चार्जरमध्ये मात्र चोकच्या जागी अनेकदा नुसती तार असते. किंमत तिथेच उतरते.

मग घरी काय कराल? एकेक उपकरण बंद करून गुन्हेगार शोधा. रेडिओ लांब न्या, बॅटरीवर चालवा. चार्जरची वायर फेराइट रिंगमधून पाच-सहा वेळा ओवा. एका वेढ्याने फारसं साधत नाही, कारण अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चार्जर उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.