व्हर्नचे नानासाहेब आणि पोलादी हत्ती

तारीख ६ मार्च १८६७. औरंगाबादच्या भिंतींवर एक जाहीरनामा लागला आहे. धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब मुंबई इलाख्यात आल्याची खबर आहे. त्याला जिवंत वा मृत हजर करणाऱ्याला दोन हजार पौंड बक्षीस. लोक जमतात, वाचतात, कुजबुजतात. गर्दीतून एक फकीर पुढे होतो, कागदाचा खालचा, नाव छापलेला तुकडा फाडतो आणि दिसेनासा होतो. जमावात एक माणूस छातीठोकपणे सांगत असतो, ‘मी नानाच्या कैदेत होतो, त्याला कुठेही ओळखीन.’ त्या रात्री त्याचा खून होतो. फकीर म्हणजे खुद्द नानासाहेबच!

ही सुरुवात आहे ज्यूल व्हर्न यांच्या ‘ला मेझाँ आ व्हापर’ म्हणजे ‘वाफेचे घर’ या कादंबरीची. १८८० साली पॅरिसमध्ये ती पुस्तकरूपाने आली. व्हर्न कधीच हिंदुस्थानात आले नव्हते. तरीही त्यांच्या कथेची नांदी होते ती मराठवाड्यात, आणि चौथे प्रकरण तर वेरूळच्या लेण्यांच्या नावाने आहे. शेजारचा आजचा जालना जिल्हा तेव्हा स्वतंत्र नव्हता. १ मे १९८१ रोजी तो वेगळा झाला, तोवर त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. कादंबरीतले नानासाहेब सुरुवातीला ज्या भागात वावरतात, तिथल्या अजिंठ्याच्या रांगा भोकरदन-जाफराबादकडेही पसरल्या आहेत. जालना शहरात त्या काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्यामुळे या भागातल्या वाचकाला ही पाने परक्या देशाची वाटत नाहीत.

कथेत दोन वाटा आहेत. एकीवर चालतो पोलादी हत्ती. बँक्स नावाच्या इंजिनिअरने भूतानच्या राजासाठी बांधलेले हे वाफेचे यंत्र सोंडेतून धूर सोडते, मागे चाकांवरचे दोन बंगले ओढते आणि नद्याही पार करते. रूळ नसताना ते कलकत्त्याहून गया, काशी, कानपूर करत हिमालयाकडे जाते. खरी आगगाडी जालन्याला पोहोचायला १९०० साल उजाडावे लागले!

दुसरी वाट प्रेमाची आणि सूडाची. हत्तीच्या प्रवासात असलेल्या कर्नल मन्रोची पत्नी लॉरेन्स १८५७ च्या बंडात कानपूरला मारली गेली, असे सगळे धरून चालतात. मन्रोला नानांचा सूड हवा. आणि कादंबरीत झाशीच्या राणीला मन्रोनेच ठार केलेले असल्याने नानांनाही त्याचा. नर्मदेच्या खोऱ्यात मात्र एक वेडी बाई हातात पेटती मशाल घेऊन भटकत असते. लोक तिला देवीसारखा मान देतात, ‘भटकती ज्वाळा’ म्हणतात. शेवटाकडे नाना मन्रोला पकडून भरलेल्या तोफेच्या तोंडाला बांधतात. रात्री ती मशालवाली येते, तोफेजवळ रेंगाळते, ज्योत बत्तीच्या जागी खाली खाली आणते. मन्रो तिच्याकडे पाहतो आणि ओळखतो: ही आपली लॉरेन्स. तिला काहीच उमगत नाही. व्हर्न म्हणजे फक्त यंत्रे आणि गणिते, असे म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे. ह्यूगोच्या पिढीवर पोसलेला हा लेखक इथे पुरता रोमँटिक होतो.

मराठी वाचकाला काटा मात्र टोचतोच. कर्जतजवळच्या वेणगावात १८२४ मध्ये जन्मलेले, दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब इथे निखळ खलनायक आहेत. नेपाळच्या तराईत गेल्यानंतर त्यांचे काय झाले, याचा ठाम पुरावा नाही. त्या रिकाम्या जागेत व्हर्न यांनी आपली कल्पना भरली. इंग्रजांनी बंडानंतर केलेले अत्याचारही त्यांनी लिहिले आहेत, हे न्याय म्हणून सांगायलाच हवे. पाचच वर्षांपूर्वी, १८७५ च्या ‘गूढ बेट’मध्ये, कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचे सांगून याच लेखकाने इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्याला अपार सहानुभूती दिली होती. एकाच लेखणीतून १८५७ ची ही दोन रूपे उतरली आणि दोन्ही जगभर वाचली गेली. म्हणूनच ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

मराठीत व्हर्न जुने आहेत. ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली त्यांची चंद्रकथा मराठीत येऊ लागली. पुढे फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी त्यांना मराठी मुलांच्या घराघरांत नेले.

आणि हत्ती? कादंबरीच्या अखेरीस त्याचा बॉयलर फुटतो आणि त्या स्फोटात नानासाहेबांचाही शेवट होतो. फ्रान्सने मात्र त्याला पुन्हा उभे केले. व्हर्न यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त २००५ मध्ये ‘रॉयाल द ल्यूक्स’ या पथनाट्य संस्थेने नाँत आणि आमियाँच्या रस्त्यांवर प्रचंड यांत्रिक हत्ती चालवला. २००६ मध्ये तो लंडनमध्ये फिरला. पुढच्या वर्षी नाँतमध्ये, व्हर्न यांच्या जन्मगावी, जुन्या जहाजबांधणीच्या आवारात लाकूड-पोलादाचा ‘ग्राँ एलेफाँ’ कायमचा दाखल झाला. उंची बारा मीटर, वजन सुमारे ४८ टन. पन्नासेक माणसे पाठीवर घेऊन तो चालतो, सोंडेने पोरांवर पाणी उडवतो. त्याच्या पाठीवर बसणाऱ्या कितीजणांना वेरूळ ठाऊक असेल?

व्हर्न १९०५ मध्ये वारले, त्यामुळे मूळ फ्रेंच मजकूर आता कुणालाही अनुवादासाठी खुला आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) इथल्या महाविद्यालयांत फ्रेंच शिकवणारे आणि इतिहास शिकवणारे एकत्र बसले, तर निदान औरंगाबाद-वेरूळची सुरुवातीची प्रकरणे टिपांसह मराठीत आणणे सहज जमण्यासारखे आहे. त्या टिपांत कानपूरचा खरा घटनाक्रम आणि खऱ्या नानासाहेबांवर इंग्रजांनी लावलेले एक लाख रुपयांचे इनाम, दोन्ही यायला हवेत.