मृगापूर्वीचे तीन महिने

उन्हाळ्यात शेतकऱ्याला काम नसते, हा शहरवासीयांचा जुना समज आहे. रब्बीची ज्वारी घरात आली, शिवार उघडे पडले आणि पारावर माणसे बसलेली दिसू लागली, की तो अधिकच पक्का होतो. वास्तविक दख्खनच्या कोरडवाहू मुलखात खरिपाचे निम्मे भवितव्य मार्च ते मे या तीन महिन्यांतच ठरून जाते. 7 जूनच्या सुमारास मृग निघतो. पुढे पेरणीजोगा वापसा लाभतो तो मोजक्या दिवसांचा; त्या धांदलीत औत नीट करावयास किंवा बियाणे शोधावयास कोणाला सवड असणार?

नांगरट पीक निघताच, जमिनीत थोडी ओल आहे तोवर करावी हे बरे. वैशाखापर्यंत थांबले, तर काळी जमीन दगडासारखी होते आणि बैलांचा अंत पाहते. नांगरटीने वर आलेली ढेकळे उन्हात तापतात, हरळी व कुंदा यांची मुळे वाळतात, किडींचे कोष उघडे पडतात आणि नांगरामागून चालणाऱ्या साळुंक्या व बगळे आपले काम चोख बजावतात. तास मात्र उतारास आडवे हवेत. उतारासोबत नांगरणे म्हणजे पहिल्या वळवालाच माती वाहून नेण्याची वाट करून देणे होय. भारी जमीन दरवर्षी खोल नांगरण्याची गरज नसते, हेही सांगितले पाहिजे. ट्रॅक्टर दारात उभा आहे एवढ्याच कारणाने पुष्कळदा ती नांगरली जाते.

खताची गोष्ट तशीच. उकिरड्यावरचे अर्धकच्चे शेण शेतात पसरले, तर त्यासोबत हुमणीही शेतात जाते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते. काडीकचरा, शेण, माती आणि पाणी यांचे थर देऊन खत कुजविण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरातच 1924 ते 1931 या काळात सिद्ध केली. पुढे पुसदच्या पांढरीपांडे यांनी 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशी भोके ठेवलेल्या विटांची टाकी सुचविली. ते ‘नाडेप काका’ याच नावाने प्रसिद्ध झाले. तीत खत होण्यास साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे टाकी माघात भरावी लागते, वैशाखात नव्हे.

पण सर्वांत मोठा धोका बियाण्यात असतो. 2019 च्या ऑक्टोबरात सोयाबीन काढणीस आलेले असतानाच अवकाळी पाऊस कोसळला आणि दाणे भिजले. त्याचे फळ जून 2020 मध्ये दिसले: मराठवाड्यात व विदर्भात पेरलेले उगवलेच नाही अशा तक्रारींचा पूर आला आणि अनेकांच्या नशिबी दुबार पेरणी आली. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा. आणि हुकलेला वापसा तर कोणत्याही किमतीत परत मिळत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे कवच नाजूक असते. पोते उंचावरून आपटले तरी अंकुर दुखावतो. म्हणून बियाणे घरचे असो वा विकतचे, मे महिन्यात त्याची परीक्षा घ्यावी. सरसकट शंभर दाणे मोजावे, निवडून चांगले तेवढे घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले, तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी सुमारे 75 किलो बी पुरते. त्याहून थोडे कमी भरले, तर त्या मानाने बी वाढवावे. साठाच्याही खाली गेले, तर ते पेरू नये. या परीक्षेस एक गोणपाट आणि तांब्याभर पाणी लागते, तरी ती टाळली जाते याचे मला नवल वाटत आले आहे.

बांधांची फुटतूट, पाभरीचे चाडे व नळे, पेरणीयंत्राच्या बुजलेल्या नळ्या ही कामे दोन-चार दिवसांची आहेत.

इतके होऊनही रोहिणीच्या पहिल्या सरीला भुलू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज तिफण काढू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पर्जन्यमापक जवळ नसेल, तर शेतात वीतभर खड्डा खणून तळाची माती मुठीत दाबावी; तिचा लाडू वळला नाही, तर बी आणखी काही दिवस घरातच राहू द्यावे.