चाकाची जबानी

पहाटे जळगाव सोडले, गिरणेचा पूल ओलांडून बांभोरी मागे टाकली, तोवर सायकल निमूट चालत होती. पाळधीच्या पुढे एका उतारावर मी ब्रेक दाबला मात्र, आणि पुढच्या चाकाच्या तुंब्यापाशी ‘टक्’ असा एक कोरडा आवाज झाला, जो पुढे एरंडोल गेले, पारोळे गेले, तरी प्रत्येक वेळी ब्रेक दाबताच एकदाच आणि तंतोतंत तसाच होत राहिला. खाली वाकून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानी आली: चिमट्याच्या दोन पायांमधून फिरणारी रिम एका ठिकाणी डावीकडे झुकत होती आणि पुन्हा सरळ होत होती. हे डोलणे त्या दिवशीचे नव्हते. ते केव्हापासून चालू होते याचा दाखला मात्र माझ्यापाशी नव्हता, आणि याच गोष्टीने मी धुळ्यापर्यंतच्या साऱ्या वाटेत अस्वस्थ होतो.

वडिलांच्या काळ्या सायकलीवर असे घडणे शक्य नव्हते. तिच्या पुढच्या चाकाला बत्तीस तारा होत्या, मागच्याला चाळीस, आणि ब्रेकचे रबर थेट रिमेला भिडत असे. त्यामुळे रिम थोडी जरी वाकडी झाली तरी प्रत्येक फेऱ्याला ती एका बाजूच्या रबराला घासून आपली फिर्याद आपणच नोंदवी, आणि त्या घासण्याचा तगादा असह्य झाला म्हणजे वडील रविवारी सायकल दुकानात नेत. माझ्या नव्या सायकलीच्या डिस्क ब्रेकने हा साक्षीदार चाकाच्या कडेवरून उठवून मध्यभागी नेऊन बसवला. त्यात लाभ मोठा आहे. पावसाळ्यात आपल्या खानदेशातली काळी माती रिमेवर बोटभर चढते तेव्हा तुंब्याजवळची तबकडी बरीच कोरडी राहते आणि ब्रेक भरवशाचा लागतो. पण रिम आता कोणालाच शिवत नसल्यामुळे तिचे वाकडेपण महिनोन्‌महिने विनातक्रार चालू शकते. नव्या सायकलीचा धनी जर स्वतः तपास करणारा नसेल, तर त्याला चाकाचा दोष पुष्कळ उशिरा कळतो.

धुळ्यात पाचकंदिलाच्या आसपास चौकशी करीत एका मिस्त्रींचे दुकान गाठले. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून हे गाव निवडले, त्यानंतर वसलेल्या भागातील गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात, आणि त्या इतक्या सरळ आहेत की एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाचा माणूस दिसावा. मिस्त्री सत्तरीच्या घरातले. सर्वजण त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हटले. मी आल्या आल्या माझी सारी कैफियत घाईघाईने मांडू लागलो, तेव्हा त्यांनी चाक दोन बोटांनी फिरवले आणि अहिराणीत म्हणाले, “दम धर भाऊ, चाकले बोलू दे.” मग चाक थांबेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. थांबल्यावर एवढेच म्हणाले, “आऊट शे.”

आऊट काढणे या कामाबद्दल सामान्य समजूत अशी आहे की जिथे रिम वाकलेली दिसते तिथली तार आवळावी. आबांनी पान्याला हात लावण्यापूर्वी टायर वरच्या बाजूस धरून आडवा हलवून पाहिला, कारण तुंब्यातील कोन सैल असेल आणि छर्रे खेळत असतील तर चाक आऱ्यांमुळे नव्हे, आसामुळे डोलते आणि तारांवर केलेली सारी मेहनत वाया जाते. आस निर्दोष निघाला. मग त्यांनी शेजारशेजारच्या तारा दोन-दोन करून मुठीत दाबल्या, आणि नखाने एकेक तार छेडीत चाकाभोवती फिरले. डावीकडच्या तारांचा स्वर उजवीकडच्यांहून चढा होता. मी हा दोष समजलो. परंतु पुढच्या चाकावर तबकडी डावीकडे असते, तिला जागा देण्यासाठी तुंब्याची त्या बाजूची कड आत सरकवलेली असते, आणि रिम मध्यावर राहावी म्हणून त्या बाजूच्या तारांना ताण अधिक द्यावाच लागतो. तेव्हा डाव्या तारेची तुलना डावीशीच करावयाची, उजवीची उजवीशी. उजव्या बाजूच्या दोन तारांनी स्वर असा दिलाच नाही. त्या नुसत्या ठप् वाजल्या. रिम डावीकडे का ओढली जात होती, याचा उलगडा तिथेच झाला.

बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे चमत्कारिक वाटेल. तिथे आरे लाकडाचे, जाड, भार पेलण्यासाठी उभे केलेले. लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, ती निवताना आकसते आणि सारे चाक बाहेरून आत आवळून धरते. सायकलीच्या चाकात सारा बंदोबस्त उलटा आहे: दोन मिलिमीटर जाडीच्या तारा रिमेला चोहोंकडून आत खेचून धरतात, आणि त्या सर्वांच्या ओढाताणीत जो समतोल साधतो त्यालाच आपण सरळ चाक म्हणतो. तारा तुंब्यातून सरळ न काढता स्पर्शरेषेत, एकमेकींना छेदून जातील अशा बसवण्याची युक्ती कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आपल्या नावे नोंदवली, म्हणून तुंब्याचा पीळ रिमेपर्यंत पोहोचू शकतो. डिस्क ब्रेकला तर याच रचनेचा आधार आहे, कारण थांबवण्याचा सारा जोर तुंब्यातून तारांमार्गेच रिमेकडे जातो. शिवाय भार पडला की जमिनीकडील दोन-चार तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि चाक फिरताच पुन्हा चढतो. चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर धरला तर जळगाव ते धुळे या नव्वद-एक किलोमीटरांत प्रत्येक तारेवर हा प्रसंग चाळीस हजार वेळा येतो. मुळातच ढिली असलेली तार त्यात पुरती सैल पडते आणि रिमेपाशी तिला धरणारे निपल आपोआप उलटे फिरू लागते.

निपले गंजली होती. प्रत्येकाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडणे आवश्यक होते, आणि तबकडीला तर तेलाचा स्पर्शही वर्ज्य. तिच्यावर घासताना ब्रेकचे पॅड तेल पितात आणि मग ब्रेक धरीत नाही. म्हणून आबांनी आधी तबकडी उतरवण्यास घेतली, आणि तिथे त्या ‘टक्’चा पत्ता लागला. सहा बोल्टांपैकी दोन स्टार चावी लावताच बोटांच्या जोराने फिरले. एक तर अर्धा आटा बाहेर आलेला होता. मी गार झालो. चाकाची त्रिज्या सुमारे साडेतीनशे मिलिमीटर, आणि बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याची केवळ बावीस. म्हणजे जमिनीपाशी चाक अडवण्यास तीस किलोंचा जोर लागत असेल तर त्या लहानशा वर्तुळावर तो पंधरा पटींहून अधिक होऊन येतो. बोल्ट आवळलेले असतात तेव्हा हा जोर तबकडी आणि तुंबा यांच्या घट्ट चिकटण्यावर निभावतो. ते सैल झाले की तबकडी केसभर सरकून बोल्टांच्या अंगावर आदळते. पाळधीपासून मी जे ऐकत होतो ते हे आदळणे होते, आणि ते ऐकूनही मी पारोळ्याचे उतार उतरलो होतो.

पुढचा दीड तास फार हळू गेला. चिमट्याला खडू टेकवून चाक फिरवायचे, जिथे खडूची रेघ उमटेल तिथे विरुद्ध बाजूच्या तारेला पाव फेरा आवळायचे, पुन्हा फिरवायचे. आबा प्रत्येक वेळी चावी थोडी पुढे नेऊन किंचित मागे आणीत, कारण आवळताना तारच पिळली जाते आणि तो पीळ तसाच ठेवला तर रस्त्यावर उलगडून सारे केलेले काम मोडतो. दोन ठिकाणी त्यांनी आवळण्याऐवजी सैल सोडले. मला हे अनपेक्षित होते. पण एकाच बाजूचा ताण वाढवीत गेले तर रिमेला उंचवटे येतात, हे त्यांनी पाना न थांबवता सांगितले. मध्येच त्यांनी चावी माझ्या हाती दिली. चाकाच्या खालच्या भागात, आतून पाहताना, मी निपल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले आणि तार ढिली झाली. टायरच्या बाजूने पाहिले असता जी दिशा आवळण्याची, तीच आतून उलटी दिसते. आबांनी माझा हात धरून दुरुस्ती करवून घेतली, तीही त्याच तारेवर, दुसऱ्या कोणत्या तारेवर नाही.

तबकडी परत बसवण्यापूर्वी आटे पुसून त्यांवर निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब पडला. बोल्ट समोरासमोरचे घेऊन, थोडे थोडे करून आवळले गेले. अखेरचा जोर मोजण्यासाठी आबांच्या मुलाने टॉर्क पाना आणला, तो पाच न्यूटन-मीटरवर लावलेला. आबांनी मात्र त्याआधी आपल्या मनगटाने आवळले होते, आणि पान्याने सहांपैकी चारांवर काही हालचाल न होताच कटकट असा कौल दिला. पॅडच्या मध्यात तबकडी येईल असा कॅलिपर लावून, स्पिरिटने ती पुसून, त्यांनी चाक फिरवले. खडूची रेघ कुठेच उमटली नाही. चाळीस-एक किलोमीटर गेल्यावर पुन्हा हात लावून पाहा, एवढी ताकीद त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पहिल्या फर्लांगात तारांनी दोनदा टिण् असा सूर काढला आणि त्या गप्प झाल्या. पारोळ्यात किल्ल्याच्या तटाजवळ थांबलो, सायकल उलटी केली, सहाही बोल्टांना चावी लावली. एकही हलला नाही. मग उजव्या बाजूच्या त्या दोन तारा नखाने छेडल्या आणि शेजारणींच्या स्वराशी ताडून पाहिल्या. एक किंचित खाली होती. चावी काढली, पाव फेऱ्याच्याही निम्मा फेरा दिला, आणि पुन्हा छेडली.