तापाचा मीटर बंदच होईना!

लस घेतली की रात्री अंग मोडून येणार, ताप चढणार आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी! कोविडच्या काळात हे आपल्याला पाठच झालं. इम्युनिटी कामाला लागल्याची ती खूण. पण ही इम्युनिटी थांबायचंच विसरली तर?

तसं होतं. अगदी क्वचित, पण होतं. व्हॉट्सअॅपवर नेमकी हीच गोष्ट तिखटमीठ लावून फिरते. माझ्या मित्रमंडळींत तर सरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, ‘लस नकोच बाबा’. दुसरी म्हणते, ‘सगळ्या अफवा’. यावरचे वैद्यकीय रिपोर्ट्स वाचल्यावर मला वाटतं, दोघांचंही अर्धवट!

नेमका लोच्या काय?

संसर्ग झाला किंवा लस घेतली की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन्स नावाची रसायनं सोडून एकमेकींना ‘चला, कामाला लागा’ असा मेसेज धाडतात. काम झालं की मेसेज बंद. हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस (जीभ अडखळली ना? डॉक्टरही ‘एचएलएच’च म्हणतात!) या विकारात मात्र मेसेज थांबतच नाहीत. चेकाळलेल्या पेशी आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. प्लीहा सुजते, लिव्हर बिघडतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. याचंच चुलत भावंड म्हणजे ‘एमआयएस’. यात हृदयासकट अनेक अवयवांना एकदम सूज येते.

आकडे काय म्हणतात?

अमेरिकेत डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 या काळात 12 ते 20 वयाच्या सुमारे 2 कोटी 13 लाख मुलामुलींनी कोविडची लस घेतली. त्यानंतर एमआयएस झाल्याच्या केसेस सापडल्या 21. त्यातल्या 15 जणांना आधी कोविड होऊन गेल्याचा पुरावा मिळाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत दोष लशीचा की कोविडचा, हे सांगणंच कठीण. उरले फक्त 6. सगळ्या 21 जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं आणि सगळे घरी परतले.

लशीनंतरच्या एचएलएचच्या केसेसही जगभरात मोजक्याच नोंदल्या गेल्यात. उलट एपस्टाइन-बार व्हायरस आणि आपल्याकडे डेंग्यू, स्क्रब टायफस हे त्याचे जुने ट्रिगर. लशीला घाबरायचं आणि बाल्कनीतल्या कुंडीतल्या डासांकडे काणाडोळा करायचा, हा हिशेब काही जुळत नाही.

मग करायचं काय?

खरा धोका आहे आपल्या सवयीत. गोळी घ्यायची, ताप दाबायचा आणि मीटिंगला हजर! एचएलएचमध्ये हेच महागात पडतं, कारण सुरुवातीला तो साध्या तापासारखाच दिसतो. संशय आला तर पहिल्या तपासण्या साध्याच असतात: सीबीसी आणि फेरिटिन. एचएलएचच्या निकषांत फेरिटिनची रेषा 500 वर आहे. पेशंटमध्ये ते कित्येकदा हजारांत जातं. निदान झालं तर स्टेरॉइड्ससारखी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं आहेत.

लक्षात ठेवा

• कोविड किंवा फ्लूच्या लशीचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. तीन दिवसांनंतरही राहिला, तर डॉक्टरांकडे जा.
• उतरलेला ताप काही आठवड्यांत उलटला, पुरळ, धाप, छातीत दुखणं किंवा प्रचंड थकवा आला, तर वाट बघू नका.
• डॉक्टरांना लशीची तारीख आवर्जून सांगा.

फॉरवर्ड डिलीट करा, थर्मामीटर मात्र हाताशी ठेवा!