काच का अडली?

मुलांनो, बटण दाबलं की मोटारीची काच सर्रकन खाली जाते, पुन्हा दाबलं की वर येते. ही गंमत कोणाला आवडत नाही? आमच्या भाचेबुवांनाही आवडते. मे महिन्याच्या सुट्टीत ते सोलापूरला आले आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या मोटारीत बसून काच वर-खाली करू लागले. तिसऱ्या दिवशी काच अर्ध्यावर अडली ती अडलीच!

झालं! घरात सगळे एका सुरात म्हणाले, "यानंच बिघडवली!" माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. तिला दवाखान्यात न्यायचं ते याच मोटारीतून. सोलापूरचं ऊन आणि रस्त्यावरचा फुफाटा तुम्ही ऐकून असालच. उघड्या काचेतून धूळ आत येणार आणि आईचा खोकला वाढणार. भाचा बिचारा रात्री धड जेवलासुद्धा नाही. मी म्हटलं, "आधी तपासून तर बघू. चूक कोणाची ते मग ठरवू."

सकाळी अण्णा, भाचा आणि मी मोटारींचं वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. अण्णा म्हणाले, "मोटर जळली असणार. नवीनच टाका."

मिस्त्री हसले. "अण्णा, घाई कशाला? वीज कुठपर्यंत पोचते ते तर बघू."

सांगा पाहू, या विजेची वाट कशी असते? बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून बटण, बटणातून वायर आणि शेवटी दाराच्या पोटात बसलेली छोटी मोटर. वाटेत कुठेही खंड पडला तरी काच अडणारच. मिस्त्रींनी आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग दाराचं आतलं आवरण काढलं, मोटरला जाणाऱ्या दोन वायरींना छोटा दिवा जोडला आणि भाच्याला म्हणाले, "दाब बटण." दिवा लागला! म्हणजे फ्यूज, बटण, वायर सगळं ठीक. वीज मोटरच्या दारापर्यंत येत होती, पण मोटर फिरत नव्हती.

मग वायर पुन्हा मोटरला जोडून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं मोटरवर टकटक केली. भाच्यानं बटण दाबताच काच बोटभर हलली. "जळली नाही हो! आतला कार्बन झिजलाय," मिस्त्री म्हणाले.

हा कार्बन म्हणजे काय? तारेतून वीज वाहू लागली की चुंबकाजवळ तिला ढकल बसते. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं १८२१ साली याच युक्तीनं तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आमच्या मोटरमध्येही तेच! बाहेर चुंबक, मध्ये तारेची फिरती गुंडाळी. पण फिरणाऱ्या गुंडाळीला वीज द्यायची कशी? वायर जोडली तर तिला पीळच बसेल! म्हणून कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर गुंडाळीच्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकलेले असतात. पट्ट्या फिरतात, कार्बन घासत राहतो आणि वीज आत जाते. पण खडू जसा फळ्यावर झिजतो, तसा कार्बनही झिजतो.

मिस्त्रींनी बॅटरीची वायर सोडली, काच दाराच्या चौकटीला चिकटपट्टीनं घट्ट बांधली आणि मगच मोटर काढली. काच न बांधता मोटर काढली तर ती धाडकन खाली येते. काही दारांमध्ये जोरदार स्प्रिंगही असते, ती बोट ठेचते. म्हणून हे काम जाणत्या माणसाचंच बरं का!

मोटर उघडली. आत काळी भुकटी आणि कार्बनचे नुसते थोटूक! मिस्त्रींनी भुकटी झटकली, तांब्याच्या पट्ट्या बारीक काचकागदानं उजळल्या, नवे कार्बन बसवले. काचेच्या रबरी खाचेत धूळ साचली होती, तीही पुसून काढली. खाच घट्ट झाली की मोटरला जास्त जोर लावावा लागतो.

मोटरच्या टोकाला मळसूत्रासारखा दांडा असतो. तो दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक त्याला उलटं फिरवू शकत नाही. म्हणून काच हातानं दाबली तरी खाली घसरत नाही. आहे की नाही युक्ती?

सगळं जोडून बटण दाबलं. काच सर्रकन वर! भाच्यानं हळूच विचारलं, "काका, मीच बिघडवली ना?"

"कार्बन काय तीन दिवसांत झिजतो व्हय रे? वर्षानुवर्षं झिजत होता. पण काच वर टेकल्यावरही बटण दाबून धरत होतास का?" भाच्यानं मान हलवली. "ते नको करू. मोटर तापते. आणि काचेच्या वाटेत रबर आहे का कोणाचं बोट, हे या जुन्या मोटरला कळत नाही."

अण्णांनी त्याला जवळ घेतलं. म्हणाले, "आम्ही न तपासताच तुला बोललो. चुकलं आमचं."

दुसऱ्या दिवशी आई काच लावून दवाखान्यात गेली. पुढं कोण बसलं होतं, ओळखा पाहू!

आता तुम्ही एक करा. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर आणि एक सेल घ्या. वायरी जोडा, मोटर फिरेल. मग दोन्ही वायरींची अदलाबदल करा. मोटर उलटी फिरेल! काच वर आणि खाली कशी जाते, ते तुम्हालाच कळेल. मात्र घरातल्या प्लगमध्ये वायर मुळीच घालू नका. आणि मोठ्या माणसांशिवाय बंद मोटारीत खेळायला बसू नका. उन्हात ती बघता बघता भट्टीसारखी तापते.

आणि हो, घरात काही बिघडलं आणि सगळ्यांची बोटं एकाकडेच वळली, तर तुम्ही विचारा, "आधी तपासलं का?"