एका सेकंदाचा घोटाळा

फिडोनेट हे हौशी संगणकधारकांचे जाळे टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू केले. यातले संगणक रात्री एकमेकांना फोन करून निरोप पोचवीत. बिल हौशी मंडळींच्याच खिशातून! दोन वाटांनी आलेली प्रत पाठवणारा, विषय व वेळ ताडून गाळली जाई. तरीही काही निरोप दुबार दिसत. का बरे?

काही आज्ञावल्या वेळ डॉसच्या पद्धतीने साठवीत. तीत सेकंदांना पाचच बिट, म्हणजे ३२ आकडे. त्यात ६० सेकंद कसे मावणार? म्हणून मोजणी दोन-दोन सेकंदांची. १०:१५:३७ चे १०:१५:३६ झाले, की जुना निरोप नवा ठरे. दोन्ही प्रतींच्या तळाची 'पाथ' ओळ, म्हणजे प्रवासाची नोंद, ताडली की वाटा कुठे फुटल्या ते कळे आणि संशयित संगणक मोजकेच उरत.