ट्रॅक कारमधील शिफ्ट लाइट : निवड, जोडणी आणि आरपीएम-निश्चिती

बीजसंज्ञा : शिफ्ट लाइट, आरपीएम, गिअर गुणोत्तर, प्रतिक्रियाकाल, टॉर्क

प्रस्तावना

बंदिस्त ट्रॅकवर मोटार वेगाने चालविताना चालकाची नजर पुढील वळणावर आणि ब्रेक लावण्याच्या खुणेवर खिळलेली असते. इंजिनाचे मिनिटाला किती फेरे (आरपीएम) होत आहेत, हे टॅकोमीटरच्या काट्यावर वाचण्यास त्याला उसंत नसते. ठरावीक आरपीएम येताच उजळून 'वरचा गिअर टाका' अशी सूचना देणारा दिवा म्हणजे शिफ्ट लाइट होय. हे साधन साधे आणि तुलनेने स्वस्त आहे. तथापि ते बसविताना बहुधा टॅकोमीटरवरील लाल रेषेचाच आकडा त्यात भरला जातो, आणि तेथेच चूक होते. दिवा कोणत्या आरपीएमला लागावा हे इंजिनाची शक्ती, गिअरची गुणोत्तरे आणि चालकाचा प्रतिक्रियाकाल या तीन घटकांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा विचार एका प्रत्यक्ष मोटारीच्या आधारे केला आहे.

गिअर बदलण्याचा योग्य क्षण

गिअर जास्तीत जास्त टॉर्कच्या आरपीएमला बदलावा, असा एक समज आढळतो. तो योग्य नाही. मोटारीला पुढे ढकलणारे बल चाकांवर मिळते, आणि एकाच वेगाला ते इंजिनाच्या त्या क्षणीच्या शक्तीच्या प्रमाणात असते. म्हणून चालू गिअरमधील शक्ती आणि वरचा गिअर टाकल्यावर मिळणारी शक्ती ज्या आरपीएमला समान होतात, तो बदलाचा योग्य क्षण. हा बिंदू सर्वाधिक शक्तीच्या आरपीएमच्या पुढे असतो. तो लाल रेषेच्याही पलीकडे जात असेल, तर लाल रेषा हीच मर्यादा मानावी लागते.

होंडा कंपनीची एस २००० ही १९९९ ते २००९ या काळात निर्माण झालेली मोटार येथे उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या पहिल्या अमेरिकी आवृत्तीतील १९९७ घन सेंमीचे इंजिन ८३०० आरपीएमला २४० अश्वशक्ती (सुमारे १७९ किलोवॅट) आणि ७५०० आरपीएमला सुमारे २०७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. लाल रेषा ८९०० वर आहे. पहिल्या पाच गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे ३.१३३, २.०४५, १.४८१, १.१६१ व ०.९७० अशी आहेत.

८९०० आरपीएमला पहिल्यातून दुसरा गिअर टाकला तर इंजिन सुमारे ५८१० वर उतरते. या इंजिनातील झडपांची उच्चगती रचना सुमारे ६००० आरपीएमला कार्यान्वित होते. म्हणजे लाल रेषेपर्यंत थांबूनही इंजिन त्या टप्प्याच्या किंचित खाली येते. लवकर बदल केल्यास ते आणखी खाली जाते. चौथ्यातून पाचवा टाकल्यावर मात्र ते सुमारे ७४३५ वर उतरते. तेथे टॉर्क सर्वाधिक धरला, तरी शक्ती १६२ किलोवॅटच्या पुढे जाऊ शकत नाही. सबब ८९०० वरील शक्ती १६२ किलोवॅटपेक्षा खाली घसरत असेल तरच लाल रेषेआधी गिअर बदलणे लाभदायक ठरते. हे त्या विशिष्ट मोटारीच्या डायनामोमीटर चाचणीवरूनच निश्चित करता येते. दुसऱ्या मोटारीचा आकडा उसना घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

प्रतिक्रियाकालाचे गणित

दिवा लागणे आणि गिअर बदलणे या दोन घटना एकाच क्षणी घडत नाहीत. दिवा दिसून हातपाय हलेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो, असे मानू. या अवधीत इंजिन किती चढते, हे गिअरवर अवलंबून असते. खालच्या गिअरमध्ये चाकांवरील बल गुणोत्तराच्या प्रमाणात वाढते, तसेच मोटारीच्या वेगातील तेवढ्याच वाढीमागे इंजिनाचे फेरेही गुणोत्तराच्या प्रमाणात वाढतात. परिणामी आरपीएम चढण्याचा दर ढोबळमानाने गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

पहिल्या गिअरमध्ये हा दर सेकंदाला ३००० आरपीएम धरला, तर चौथ्यात तो साधारण सातव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे ४०० वर येतो; हवेच्या विरोधामुळे त्याहूनही कमी होतो. पाव सेकंदात पहिल्या गिअरमध्ये ७५० आरपीएमची वाढ होते, तर चौथ्यात जेमतेम १००. म्हणून ८९०० ला बदल साधावयाचा असल्यास दिवा पहिल्या गिअरमध्ये ८१५० ला आणि चौथ्यात ८८०० ला लागला पाहिजे. सर्व गिअरसाठी ८८०० हा एकच आकडा ठेवल्यास पहिल्या गिअरमध्ये इंजिन लाल रेषा ओलांडते. ८१५० ठेवल्यास चौथ्या गिअरमधील सुमारे ६५० आरपीएम वाया जातात.

साधनाची निवड

वरील विवेचनावरून निवडीचे निकष स्पष्ट होतात. प्रत्येक गिअरसाठी स्वतंत्र आकडा स्वीकारणारे साधन सर्वांत उपयुक्त. ते उपलब्ध नसल्यास क्रमाने उजळणाऱ्या एलईडी दिव्यांची पट्टी एकट्या दिव्यापेक्षा सरस ठरते. पट्टी किती झपाट्याने भरते यावरून चालकास आरपीएम चढण्याचा दर उमगतो आणि तो आगाऊ तयार राहतो. दिवा भर उन्हात स्पष्ट दिसावा व रात्री मंद करता यावा. लाल-हिरव्या रंगांतील भेद न कळणाऱ्या चालकासाठी रंगापेक्षा दिव्यांचा क्रम किंवा लुकलुकणे अधिक विश्वसनीय होय. दिवा नजरेच्या रेषेलगत असावा, परंतु त्याने रस्ता झाकू नये.

जोडणी आणि पडताळणी

दिव्याला आरपीएमचा संकेत टॅकोमीटरच्या तारेतून, इग्निशन कॉइलमधून अथवा इंजिन नियंत्रण संगणकातून मिळतो. येथे प्रतिफेरा स्पंदांची संख्या अचूक भरावी लागते. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात वितरक असलेल्या एकाच कॉइलकडून प्रत्येक फेऱ्यास दोन स्पंद मिळतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास एका कॉइलकडून दोन फेऱ्यांत एकच स्पंद मिळतो. हा आकडा चुकल्यास वाचन दुप्पट, निमपट किंवा त्याहूनही विपरीत येते. संकेताची तार ठिणगीच्या तारांपासून दूर न्यावी, अर्थिंग पक्के असावे व पुरवठ्यास फ्यूज असावा. जुन्या मोटारींच्या निदान-जोडणीतून येणारा संकेत संथ असतो. तेथे ०.१ सेकंदाचा विलंब झाला, तरी पहिल्या गिअरमध्ये ३०० आरपीएमची चूक होते.

जोडणीनंतर काही फेऱ्यांची नोंद घेऊन प्रत्येक गिअरमध्ये बदल प्रत्यक्षात कोणत्या आरपीएमला झाला हे पाहावे आणि आलेल्या फरकाइतका आकडा पुढेमागे सरकवावा. चालक बदलल्यास ही पडताळणी पुन्हा करणे आवश्यक आहे.

मर्यादा

शिफ्ट लाइट चुकीच्या गिअरपासून संरक्षण देत नाही. वरील मोटारीत ८९०० ला तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाके इंजिनाला सुमारे १२३०० आरपीएमकडे ओढतात. इंधन तोडणारी यंत्रणाही येथे निरुपयोगी ठरते, कारण फेरे इंधनामुळे नव्हे तर चाकांमुळे वाढलेले असतात. अशा वेळी झडपा पिस्टनवर आदळून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

समारोप

हा विषय केवळ हौशी चालकांपुरता मर्यादित नाही. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या स्पर्धेत महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही स्वतः बांधलेल्या मोटारी उतरवितात. अशा स्पर्धांतील पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गावर २० मिलिमीटर व्यासाचे बंधन असते. त्यामुळे मोटारसायकलच्या मूळ इंजिनाची सर्वाधिक शक्ती बरीच खालच्या आरपीएमला येते. मूळ लाल रेषेचा आकडा जसाच्या तसा उचलणारा संघ शक्ती घसरू लागल्यावरही गिअर ओढत राहतो. याउलट, शक्तीचा आलेख स्वतः काढून, गुणोत्तरे मांडून आणि आपल्याच चालकाचा प्रतिक्रियाकाल मोजून दिवा लावणारा विद्यार्थी यंत्रशास्त्र, मापनशास्त्र आणि मानवी मर्यादा या तिन्हींचा अभ्यास एकाच प्रयोगात करतो. मार्गदर्शक प्राध्यापकांनी त्याला दिवा कोठे बसविला हे विचारण्याआधी, त्यातील आकडा कोठून आला, हे विचारणे अगत्याचे आहे.